घरचं कुत्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुत्रं पाळणाऱ्यांकडून, आणि पाळावं की नको या विचारात असलेल्यांकडून, हे प्रश्न सतत येत असतात. प्रश्नांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. एकदा दिलेलं उत्तर दुसरीकडे पुन्हा दिलेलं नाही. तिथे क्रमांक टाकला आहे. कुत्रं आत्ता त्रासात असेल तर बाकीचं राहू द्या, आधी प्रश्न ९, १६ किंवा २५ वाचा.

१. पिल्लू किती दिवसांचं असताना घरी आणावं? देणारा म्हणतो, महिन्याचंच न्या, लवकर लळा लागेल.

आठ आठवड्यांच्या आत आणू नका. लळा कुठल्याही वयात लागतो. शेवटच्या तीन-चार आठवड्यांत पिल्लू भावंडांकडून एक गोष्ट शिकतं, जी पुढे माणसाला शिकवणं फार जड जातं: दात किती जोरात लावायचे. जोरात चावलं की भावंड केकाटतं आणि खेळ मोडतो. असं दिवसातून कितीतरी वेळा घडतं. महिन्याचं पिल्लू उचलून आणलं की हा धडा तुमच्या बोटांवर गिरवला जातो. देणारा घाई करत असेल तर तो स्वतःचा खर्च वाचवतोय, एवढंच समजा. आणि पिल्लाची आई दाखवायला जो तयार नाही, त्याच्याकडून पिल्लू घेऊच नका.

२. पहिल्या रात्री पिल्लू सारखं रडतं. रडू द्यावं की जवळ घ्यावं?

जवळ घ्या. काल रात्रीपर्यंत ते भावंडांच्या उबेत झोपत होतं, आज एकदम एकटं पडलंय. ‘रडू दे, आपोआप गप्प होईल’ असा सल्ला अजून दिला जातो. गप्प होतं हे खरं, पण हाक मारून कुणी येत नाही एवढंच त्यातून शिकतं. त्याची टोपली तुमच्या अंथरुणाशेजारी ठेवा आणि एक हात खाली सोडा. मग पुढच्या काही दिवसांत टोपली हळूहळू हवी तिकडे सरकवत न्या. मध्यरात्री कुईकुई करत उठलं तर बहुधा शू लागलेली असते. फारसं न बोलता बाहेर न्या, झालं की परत टोपलीत.

पलंगावर घ्यायचं की नाही हे घरच्यांनी ठरवावं. त्यानं कुत्रं बिघडत नाही. आज हो आणि उद्या नाही, असं केलं की मात्र बिघडतं.

३. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला बाहेर काढायचंच नाही का?

आधी लसींचं. डिस्टेंपर, पार्व्हो आणि यकृताला सूज आणणारा ॲडिनोव्हायरस यांची एकत्र लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि १६ आठवड्यांचं वय होईपर्यंत दर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा दिली जाते. ‘एकच लस इतक्यांदा कशाला’ हा प्रश्न हमखास येतो. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात असते तोवर ती लसीलाच निकामी करते. ती कुठल्या पिल्लात कधी ओसरेल ते सांगता येत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा टोचायचं. रेबीजची लस साधारण १२ आठवड्यांनंतर आणि मग वर्षानं. लेप्टोस्पायरोसिस उंदरांच्या मुतातून आणि साचलेल्या पाण्यातून येतो, माणसालाही होतो. त्याची लस दरवर्षी लागते.

आता अडचण अशी की तीन ते चौदा आठवडे याच काळात पिल्लू जगाशी ओळख करून घेतं. या दिवसांत जे पाहिलं-ऐकलं नाही त्याची पुढे भीती बसू शकते. त्यामुळे कोंडून ठेवणं हा उपाय नव्हे. कडेवर घेऊन फिरवा. छत्री, हेल्मेट, काठी टेकत चालणारी माणसं, दुचाक्या, लहान मुलं, सगळं लांबून दाखवा. लसी झालेल्या निरोगी कुत्र्याच्या घरी न्या. अनोळखी कुत्री जिथे शी-शू करतात तिथे मात्र जमिनीवर सोडू नका, कारण पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो.

४. घरभर शू करतं. नाक घासलं, रागावलो, उपयोग नाही.

उपयोग होणारही नाही. त्यातून ते एवढंच शिकतं की तुमच्यासमोर शू करणं धोक्याचं, आणि मग सोफ्यामागे जाऊन करतं. पिल्लाला जितके महिने तितके तास कळ काढता येते, असा ढोबळ हिशेब धरा. दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन तास, तेही झोपेत असताना. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच बाहेर न्या. शू झाली की तिथल्या तिथे शाबासकी आणि खाऊ. घरात आल्यावर दिलेला खाऊ त्याच्या लेखी घरात आल्याबद्दलचा असतो.

घरात झालेली शू साध्या फिनाइलनं पुसलीत तरी वास कुत्र्याच्या नाकाला येतच राहतो आणि तीच जागा ठरून जाते. वास तोडणारं एन्झाइमचं क्लीनर वापरा. नीट सवय झालेलं मोठं कुत्रं एकाएकी घरात शू करू लागलं, तर ते शिस्तीचं प्रकरण नसतं. लघवीची तपासणी करून घ्या.

५. पिल्लू हातापायांना चावतं. आक्रमक निघेल का?

नाही, पिल्लं असंच खेळतात. शिवाय चौथ्या ते सातव्या महिन्यात २८ दुधाचे दात पडून ४२ कायमचे येतात, तेव्हा हिरड्या शिवशिवतात. हात खेळणं म्हणून पुढे करू नका. दात लागला की खेळ थांबवून उठून जा, आणि चावायला दुसरं काहीतरी द्या. ओलं करून फ्रीजरमध्ये गार केलेलं जाड फडकं हिरड्यांना बरं वाटतं.

६. दिवसातून किती वेळा आणि किती खायला द्यावं?

चार महिन्यांपर्यंत तीन-चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीनदा, नंतर दोनदा. किती, ते पाकिटावरच्या तक्त्यावरून सुरू करा आणि पुढे हातानं ठरवा. बरगड्यांवर हलकेच तळवा फिरवा. न दाबता बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, वरून पाहिल्यावर कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. बोटं रुतवून शोधाव्या लागत असतील तर कुत्रं जाड झालंय. ‘गुबगुबीत छान दिसतं’ असं म्हणणाऱ्यांना त्याचे गुडघे दुखत नाहीत.

मधल्या खाऊतून दिवसभराच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून जास्त जाऊ नये. घरात प्रत्येक जण ‘मी एकच दिला’ म्हणतो, म्हणून दिवसाचा खाऊ सकाळीच एका डब्यात काढून ठेवा. डबा संपला की संपला.

७. आम्ही शाकाहारी आहोत. कुत्र्यालाही शाकाहारी ठेवलं तर चालेल का?

जमू शकतं, पण आपल्या ताटातलं वाढून नाही. हजारो वर्षं माणसासोबत राहून कुत्र्याचं पचन बदललंय. पिठूळ पदार्थ पचवणाऱ्या एन्झाइमच्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा पुष्कळ जास्त असतात, हे २०१३ मधल्या संशोधनातून समोर आलं. म्हणून नीट जमवलेल्या शाकाहारी आहारावर मोठं कुत्रं निरोगी राहू शकतं. पण प्रथिनं, कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण, ब-१२ अशा अनेक गोष्टींचा मेळ घरी अंदाजानं बसत नाही. सर्व पोषण असल्याची हमी देणारं तयार खाद्य घ्या किंवा पशुवैद्याकडून आहार आखून घ्या. वाढत्या पिल्लावर हा प्रयोग करू नका. आणि हे वाचून घरातल्या मांजराचं ताट बदलू नका. मांजराला मांस लागतंच.

८. दूध आणि हाडं द्यावीत का?

पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही, जुलाब होतात. द्यायलाच हवं असं त्यात काही नाही. शिजवलेलं हाड कधीच देऊ नका. शिजल्यावर ते ठिसूळ होऊन त्याच्या टोकदार काचा होतात आणि त्या घशात किंवा आतड्यात रुततात.

९. कुठल्या गोष्टी पोटात जाताच कामा नयेत? आणि गेल्या तर?

झायलिटॉल सगळ्यात आधी. शुगर-फ्री च्युइंगम, काही पेपरमिंटच्या गोळ्या, काही टूथपेस्ट आणि काही पीनट बटरमध्ये साखरेऐवजी हा गोड पदार्थ घातलेला असतो. कुत्र्याच्या शरीरात तो इन्शुलिनचा लोंढा सोडतो, अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर कोसळू शकते, पुढे यकृत जातं. द्राक्षं आणि मनुके मूत्रपिंडं बंद पाडू शकतात. किती खाल्ली तर चालतील याचा हिशेब लागत नाही, काही कुत्र्यांना थोडीशीही भोवतात. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं. चॉकलेट जितकं काळं आणि कडू तितका धोका मोठा. कांदा-लसूण, कच्चा असो की शिजलेला, लाल रक्तपेशी फोडतो आणि त्याची लक्षणं काही दिवसांनी दिसतात, त्यामुळे ‘काल खाल्ला, काही झालं नाही’ याला अर्थ नसतो. मॅकाडेमिया (एक सुकामेवा), दारू आणि कच्ची फुगलेली कणीकही या यादीत धरा.

पण घरातला सर्वांत मोठा धोका म्हणजे आपली औषधं. आयब्युप्रोफेन, पॅरासिटामॉल या ‘साध्या’ गोळ्या कुत्र्यासाठी साध्या नाहीत.

काही गेलंच तर लक्षणांची वाट पाहत बसू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा. किती खाल्लं, कधी खाल्लं, कुत्र्याचं वजन किती, हे सांगा. पाकीट सोबत न्या. मिठाचं पाणी पाजून घरी उलटी करवू नका. त्या मिठानंच कुत्रं दगावू शकतं.

१०. आंघोळ किती दिवसांनी? आमचा शाम्पू चालेल?

बहुतेकांना महिना-दीड महिन्यातून एकदा पुरते, चिखलात लोळून आलं तर अर्थात त्या दिवशी. कुत्र्याच्या कातडीचा पीएच आपल्यापेक्षा वेगळा, उदासीनाकडे झुकणारा असतो. आपला शाम्पू, अगदी बाळांचा असला तरी, ती कोरडी पाडतो. शाम्पूपेक्षा विंचरण्यावर भर द्या. आंघोळ न घालताही अंगाला वास मारत असेल तर कान हुंगून पाहा आणि ओठ वर करून दात पाहा. वास बहुधा तिथूनच येत असतो. कानात काडी घालू नका. मळ आणखी आत जातो.

११. नखं कापायला गेलं की घर डोक्यावर घेतं.

कधीतरी नखाच्या आतली शीर कापली गेली असणार. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते, काळ्यात दिसत नाही. काळं नख कापताना पातळ चकत्या काढत जा आणि दर वेळी कापलेली बाजू समोरून पाहा. आधी ती कोरडी, पांढुरकी दिसते. मध्यभागी गडद, ओलसर ठिपका दिसू लागला की थांबा, पुढे शीर आहे.

आजच सगळी नखं झाली पाहिजेत हा हट्ट सोडा. पंजा हातात घ्या, सोडा, खाऊ द्या. दुसऱ्या दिवशी कटर पंजाला नुसता टेकवा, खाऊ द्या. मग दिवसाला एक नख. फरशीवर चालताना नखांचा टकटक आवाज आला की ती वाढली आहेत. आणि अंगठ्याचं, वरच्या बाजूचं नख विसरू नका. ते जमिनीवर घासत नाही, गोल वळून मांसात शिरतं.

१२. उन्हाळ्यात अंगावरचे केस पूर्ण काढून टाकावेत का?

हस्की, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, पोमेरेनियन यांसारख्या दुहेरी केसांच्या कुत्र्यांचे नाही. आतली लव विंचरून काढली की हवा खेळते, आणि वरचे केस उन्हाला अडवतात. मुळापासून उतरवले तर कातडी भाजते आणि काहींचे केस पुन्हा धड येत नाहीत. पूडलसारखे सतत वाढणारे केस कापावेच लागतात.

१३. गोचिड्या काढून थकलो, तरी पुन्हा होतात.

कारण तुम्ही कुत्र्यावरच्या काढताय आणि घरातल्या राहतायत. कुत्र्यावर आढळणारी तपकिरी गोचीड घराच्या आतच पिढ्या काढू शकते. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली उतरते, भिंतीच्या फटीत किंवा दाराच्या चौकटीमागे शिरते आणि हजारोंनी अंडी घालते. त्यामुळे फटी, अंथरूण, पायपुसणी, कुत्र्याची झोपायची जागा हे सगळं एकाच वेळी साफ करायला हवं, आणि कुत्र्याला गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध ठरल्या तारखेला, न चुकता, काही महिने.

अंगावर सापडलेली काढताना चिमटा कातडीच्या अगदी लगत, तिच्या तोंडाशी धरा आणि न पिळता सरळ, एकसारखं ओढा. तेल, रॉकेल, पेटती काडी यांतलं काही नको. घाबरलेली गोचीड जखमेतच ओकते, आणि त्या लाळेतूनच एर्लिशिया, बॅबेसिया असे ताप येतात. गोचीड सापडल्यानंतरच्या दिवसांत कुत्रं मलूल झालं, जेवेना, नाकातून रक्त आलं किंवा लघवी लालसर झाली तर रक्त तपासून घ्या.

घरात मांजर असेल तर औषधाच्या डबीवर पर्मेथ्रिन आहे का ते पाहा. कुत्र्याला चालणारं हे औषध मांजराला मारतं.

१४. जंताचं औषध दिलं तरी बूड घासत चालतं.

बूड घासण्याचं कारण बऱ्याचदा जंत नसून गुदद्वाराशेजारच्या दोन ग्रंथी तुंबलेल्या असतात. त्या डॉक्टरांकडून रिकाम्या करून घ्या. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे तुकडे दिसले तर तो पट्टकृमी, आणि तो पिसवा गिळल्यानं होतो. त्याला प्रत्येक जंतनाशक लागू पडत नाही, आणि पिसवा घालवल्याशिवाय तो जात नाही. एरवी पिल्लाला दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्याला, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि मोठ्याला साधारण तीन महिन्यांनी औषध देतात.

१५. रोज किती चालवावं? आमचं तर पाच पावलांवर थांबून हुंगत बसतं.

हुंगू द्या. फिरायला जाणं हे कुत्र्यासाठी मुख्यतः नाकाचं काम असतं. कोण आलं होतं, कधी आलं होतं, मादी होती का, आजारी होतं का, हे सगळं ते एका खांबावर वाचत असतं. पट्टा ओढत किलोमीटर मोजण्यापेक्षा सैल पट्ट्यानं अर्धा तास हुंगत फिरलेलं कुत्रं घरी येऊन जास्त शांत झोपतं. बहुतेक मोठ्या कुत्र्यांना दिवसातून दोनदा अर्धा-पाऊण तास पुरतं, कामाच्या जातींना त्याहून बरंच जास्त. तोंड चपटं असलेल्या पग, बुलडॉग यांना कमी आणि गारव्यातच.

एका गृहस्थांना शंका होती की हिरवळीवर टाकलेला लाल चेंडू आपल्या कुत्र्याला सापडत नाही, म्हणजे नजर कमी झाली असावी. नजर ठीक असते. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग दिसतो, लाल आणि हिरवा सारखाच मळकट दिसतो. निळा चेंडू आणा.

१६. कडक उन्हात फिरवून आणलं, आता जोरजोरात धापा टाकतंय. काय करू?

वाचन नंतर. आधी सावलीत किंवा पंख्याखाली न्या आणि सगळ्या अंगावर साधं गार पाणी ओता, पोट आणि मांड्यांवर विशेष. पंखा चालू ठेवा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, आतली उष्णता अडकते. शुद्धीवर असेल तर पाणी पुढे ठेवा, जबरदस्तीनं पाजू नका. गार करत करतच डॉक्टरांकडे न्या. अडखळत चालणं, घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, उलटी यांतलं काही असेल तर ‘आता बरं वाटतंय’ म्हणून घरी थांबू नका. आतल्या अवयवांना झालेली इजा दुसऱ्या दिवशीही उमटते.

कुत्र्याला घाम जवळजवळ फक्त पंजांच्या गाद्यांतून येतो. बाकी सगळी भिस्त धाप टाकण्यावर, आणि हवा दमट असेल तर तीही कमी पडते. रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून पाहा. आपल्याला ठेववत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. बंद गाडीत तर दोन मिनिटांसाठीही ठेवू नका.

१७. शेपूट हलवत होतं, तरी चावलं. असं कसं?

शेपूट हलणं म्हणजे कुत्रं उत्तेजित आहे, एवढंच. आनंद की ताण, ते बाकीच्या अंगावरून वाचायचं. मागचा अर्धा भाग डुलतोय, तोंड सैल उघडं, डोळे मऊ, तर खूश. शेपूट ताठ उभी, टोकाशी वेगानं थरथरतेय, अंग आखडलेलं, तोंड मिटलेलं, तर हात मागे घ्या.

चावण्याआधी कुत्रं सहसा पुष्कळ काही सांगून चुकलेलं असतं. झोप नसताना जांभई, समोर खाऊ नसताना ओठ चाटणं, मान वळवणं, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसणं, मग थिजणं, मग गुरगुर. गळ्यात पडून फोटो काढणाऱ्या मुलाच्या बाजूला बसलेल्या कुत्र्याचा चेहरा कधी निरखून पाहा. यातल्या दोन-तीन गोष्टी हमखास दिसतील.

१८. खाताना जवळ गेलं की गुरगुरतं. ताट काढून घेऊन धडा शिकवावा का?

ताट काढून घेतलंत की त्याची शंका खरी ठरते. आणि गुरगुरण्याबद्दल मारलंत तर गुरगुर बंद होईल, चावा नाही. धोक्याची घंटाच काढून टाकल्यासारखं.

जवळून पाहा. तुम्ही येताना दिसलात की ते भरभर खाऊ लागतं, डोकं भांड्यात आणखी खाली जातं, खांदे ताठतात, आणि मग एका क्षणी चघळणं थांबतं. त्या थांबण्याच्या बऱ्याच आधी, लांबूनच, त्याच्या जेवणापेक्षा चविष्ट काहीतरी भांड्याकडे टाका आणि मागे फिरा. रोज. काही दिवसांनी तुम्ही दिसताच ते भांड्यातून मान वर करून वाट पाहू लागेल, तेव्हा अंतर थोडं कमी करा. घरात लहान मुलं असतील किंवा एकदा दात लागून गेला असेल, तर हे वर्तनतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करा, आणि तोवर त्याला वेगळ्या खोलीत जेवू द्या.

१९. चूक केली की तोंड पाडून बसतं. म्हणजे कळतं ना त्याला?

त्याला तुमचा चेहरा कळतो. कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही कुत्र्यांनी मना केलेला खाऊ खाल्ला होता, काहींनी नव्हता, आणि मालकांना मात्र काही वेळा उलटंच सांगितलं गेलं. ‘अपराधी’ चेहरा खाण्यावर नव्हे, तर मालकाच्या रागावण्यावर अवलंबून निघाला. न खाताच बोलणी बसलेली कुत्रीसुद्धा कान पाडून बसली. म्हणून संध्याकाळी घरी येऊन सकाळी फाडलेल्या चपलेबद्दल ओरडू नका. चप्पल आत ठेवायला हवी होती, हा धडा दुसऱ्या कुणासाठी आहे.

२०. ‘घरात मालक कोण ते दाखवून द्या’ असं ट्रेनर सांगतो. पाठीवर पाडून दाबून धरायला सांगतो.

ट्रेनर बदला. ही कल्पना १९४७ च्या सुमारास कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणातून आली. रानातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, तिथे ‘म्होरक्या’ होण्यासाठी मारामारी चालत नाही, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९९९ मध्ये स्पष्ट मांडलं. या शब्दाच्या प्रसाराला त्यांचंच आधीचं लेखन कारणीभूत होतं, हे विशेष. दाबून धरलेलं कुत्रं शांत झालेलं नसतं, थिजलेलं असतं (१७). जे वागणं हवं ते घडलं की लगेच बक्षीस, नको त्यातून काही मिळू द्यायचं नाही, यावर बहुतेक शिकवणं होतं.

२१. एकटं सोडलं की शेजारी तक्रार करतात, इतकं ओरडतं.

मोबाइल लावून चित्रण करा. पहिला तास झोपून मग आवाजांवर भुंकत असेल तर ते कंटाळलंय. आधी फिरवून आणा, चघळायला द्या, खिडकी झाका. तुम्ही गेल्या-गेल्या येरझाऱ्या, लाळ, दार ओरबाडणं सुरू होत असेल तर ती एकटेपणाची भीती आहे, आणि ती खेळण्यानं जात नाही. किल्ली उचला आणि पुन्हा बसा. दाराबाहेर जा आणि दहा सेकंदांत परत या. घाबरण्याआधी परतायचं, आणि हळूहळू वेळ वाढवायची. याला आठवडे लागतात. प्रकार तीव्र असेल तर डॉक्टर सोबत औषधही देतात, त्यात कमीपणा नाही.

२२. फटाक्यांना किंवा विजेच्या गडगडाटाला घाबरतं. जवळ घेतलं तर भीती वाढेल का?

नाही. भीती ही भावना आहे; धीर दिल्यानं ती पक्की होत नाही. कुशीत शिरत असेल तर शिरू द्या, पलंगाखाली बसायचं असेल तर ओढून काढू नका. पडदे लावा, पंखा किंवा गाणी सुरू ठेवा, आवाज सुरू होण्याआधीच फिरवून आणा. गळ्यात नाव-नंबर असलेला पट्टा घाला. घाबरून पळालेलं कुत्रं लांबवर जातं.

२३. घरात बाळ येणार आहे. कुत्र्याला दुसरीकडे ठेवावं का?

बहुतेक घरांत गरज पडत नाही. पण तयारी बाळ येण्याआधी दोन-तीन महिने सुरू करा: फिरायच्या वेळा बदलणार असतील तर आत्ताच बदला, बाळाच्या खोलीला आडवं फाटक लावा, रडण्याचं ध्वनिमुद्रण हळू आवाजात ऐकवा. बाळ जवळ असताना कुत्र्याला काहीतरी चांगलं मिळावं, नुसतं ‘हट’ ऐकू येऊ नये. आणि कुत्रं कितीही गरीब असलं तरी मूल आणि कुत्रं दोघांनाच खोलीत ठेवायचं नाही. रांगायला लागल्यावर तर आणखी डोळ्यांत तेल घालून.

२४. नसबंदी कधी करावी? आमची माजावर येऊन गेली, आता महिन्यानं खूप पाणी पितेय.

दुसऱ्या वाक्यासाठी आजच डॉक्टरांकडे जा. माज सरल्यानंतरच्या आठवड्यांत गर्भाशयात पू होऊ शकतो. जास्त तहान, जेवण टाकणं, कधी घाण स्राव ही त्याची खूण. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर स्राव दिसतही नाही आणि तो प्रकार जास्त घातक. नसबंदी झालेल्या मादीत हा धोका जवळजवळ संपतो. वयाचं म्हणाल तर लहान चणीच्यांना साधारण सहा महिन्यांनंतर, मोठ्या जातींना हाडांची वाढ पुरी होईपर्यंत थांबण्याचा कल आहे. एकदा पिल्लं होऊ दिल्यानं मादी निरोगी राहते, हा निव्वळ समज आहे.

२५. डॉक्टरांकडे लगेच धावायचं की सकाळपर्यंत थांबायचं, कसं ठरवू?

कुत्रं बरं असतानाच काही गोष्टी मोजून लिहून ठेवा, म्हणजे बिघाड ओळखता येतो. गाढ झोपेत मिनिटाला श्वास किती (३० च्या आत हवेत), हिरड्यांचा रंग कसा, हिरडी दाबून सोडल्यावर गुलाबी रंग किती वेळात परततो (दोन सेकंदांच्या आत). ताप गुदद्वारात मोजतात, ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस, म्हणजे १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, हे कुत्र्याचं नेहमीचं. नाक गरम किंवा कोरडं असण्यावरून काही कळत नाही.

थांबायचं नाही अशा गोष्टी: हिरड्या पांढऱ्या, निळ्या किंवा विटकरी, विश्रांतीत असताना श्वासाची ओढाताण, पाच मिनिटांपेक्षा लांबलेली आकडी, लघवीला बसतंय पण होत नाही, पोट फुगलंय आणि उलटीचे उमाळे येतायत पण बाहेर काही पडत नाही. हे शेवटचं खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत दिसतं, पोटाला पीळ पडलेला असतो आणि काही तासांत जीव जातो. पिल्लाच्या रक्ती जुलाबालाही सकाळ दाखवू नका.

एकदा उलटी करून शेपूट हलवत जेवायला आलेलं कुत्रं, किंवा अधूनमधून गवत खाणारं, याला थांबता येतं.

२६. घरचंच कुत्रं, लसी झालेल्या, खेळताना दात लागून रक्त आलं. इंजेक्शन घ्यायलाच हवं?

जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून, पंधरा मिनिटं वाटतात त्याहून लांब असतात. मग डॉक्टरांकडे जा आणि कुत्र्याचं लसीकरणाचं कार्ड न्या. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं. पण रेबीज आढळणाऱ्या भागात ते दहा दिवस संपेपर्यंत उपचार सुरू करायचे थांबत नाहीत. सुरू करून, कुत्रं ठणठणीत राहिलं तर पुढचे डोस थांबवता येतात. हा निर्णय डॉक्टरांचा, घरच्यांचा नाही. लहान पिल्लाचा दात म्हणून सोडून देऊ नका, पिल्लालाही रेबीज होतो. एकदा लक्षणं दिसली की या रोगावर उपाय नाही.

२७. बारा वर्षांचं आहे, रात्री उठून भिंतीकडे पाहत बसतं. म्हातारपण म्हणायचं?

म्हातारपण हे वय आहे, आजार नाही. आधी बाकीची कारणं शोधा. रात्रीची अस्वस्थता सांधेदुखीनं असते, कमी दिसण्यानं असते, सारखी शू लागण्यानं असते. ती नसतील तर मेंदूचा ऱ्हास असू शकतो: दाराच्या बिजागरीच्या बाजूनं बाहेर जायला बघणं, ओळखीच्या खोलीत अडकणं, दिवसा झोप रात्री जाग. आहार, औषध आणि ठरलेल्या दिनक्रमानं बराच फरक पडतो. गुळगुळीत फरशीवर सतरंजी टाका, रात्री मंद दिवा ठेवा, फर्निचर हलवू नका, तपासणी सहा महिन्यांनी करा.

कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा हिशेब खरा नाही. पहिल्या वर्षात कुत्रं झपाट्यानं मोठं होतं, मग वेग मंदावतो. आणि मोठ्या जाती लहान जातींपेक्षा लवकर म्हाताऱ्या होतात.

२८. त्याला सोडवायची वेळ आली, हे कसं ओळखायचं?

त्याला आवडणाऱ्या पाच गोष्टी आत्ताच लिहून काढा, आजारपणाच्या आधी: दारात येऊन उभं राहणं, अमुक एक खेळणं, उन्हात लोळणं. त्यांतल्या किती उरल्या ते दर आठवड्याला पाहा, आणि कॅलेंडरवर बऱ्या दिवसावर एक खूण, वाईट दिवसावर दुसरी करा. रोज पाहणाऱ्याला उतार दिसत नाही, कॅलेंडरवर दिसतो. डॉक्टरांना सरळ विचारा: ‘हे तुमचं कुत्रं असतं तर?’ इंजेक्शननं कायमचं शांत करण्याच्या प्रक्रियेत आधी भूल देतात, वेदना होत नाहीत. शेवटी जवळ थांबता येत असेल तर थांबा. लहान मुलांना ‘झोपवलं’ असं सांगू नका, ती झोपायला घाबरतात. घरात दुसरं कुत्रं असेल तर तेही काही दिवस कमी जेवेल, शोधत फिरेल. त्याच्या वेळा तशाच चालू ठेवा, आणि त्याच्यासाठी म्हणून घाईनं नवं पिल्लू आणू नका.

२९. फोनवर लक्षणं सांगतो, तुम्ही फक्त औषधाचं नाव सांगा. दर वेळी डॉक्टर कशाला?

नाही सांगत. गवत खाऊन झालेली उलटी आणि आतड्यात मोजा अडकून झालेली उलटी फोनवर सारखीच ऐकू येते. शिवाय एकच औषध सगळ्या कुत्र्यांना चालत नाही. कॉली आणि तिच्या नात्यातल्या काही जातींत एका जनुकातल्या बदलामुळे आयव्हरमेक्टिन या परजीवींवरच्या औषधाचे मोठे डोस थेट मेंदूवर जातात, आणि हेच औषध ओळखीच्या कुणीतरी ‘आमच्याला लागू पडलं’ म्हणून सुचवलेलं असतं.

त्यापेक्षा डॉक्टरांची भेट कारणी लागेल असं करा. लंगडणं, खोकला, आकडी यांचं चित्रण घरीच करून न्या. दवाखान्याच्या दारात पाऊल टाकताच भीतीनं कुत्रं असं सरळ चालतं की आपणच खोटे पडतो. शी आणि उलटीचा फोटो काढा, लाज वाटू देऊ नका, डॉक्टरांना तो हवाच असतो. शेवटचं कधी आणि काय खाल्लं, पाणी किती प्यालं, कुठली औषधं चालू आहेत, ते कागदावर लिहा. आणि रोज त्याला कोण जेवायला घालतं, कोण फिरवतं? तुम्ही नसाल तर त्या माणसाला सोबत न्या.